उपग्रहांची इंजिने बनवायची आहेत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अंतराळयानांच्या प्रणोदनाविषयी, म्हणजे यान कक्षेत पोहोचल्यानंतर त्याला हलवणाऱ्या, सावरणाऱ्या आणि शेवटी खाली आणणाऱ्या यंत्रणेविषयी, गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रे विद्यार्थ्यांची असून त्यांना या क्षेत्रात नोकरी नव्हे, तर स्वतःची कंपनी हवी आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हापासून उपग्रहांसाठी हॉल थ्रस्टर, म्हणजे विजेवर चालणारी छोटी इंजिने, बनवणारी कंपनी काढण्याचा विचार माझ्या मनात पक्का झाला आहे. माझ्या वडिलांचे शिरोली औद्योगिक वसाहतीत लहानसे मशीन शॉप आहे आणि माझे दोन मित्र भागीदार होण्यास तयार आहेत. मी संगणकावर तयार केलेल्या आराखड्यात थ्रस्टरची कार्यक्षमता सध्याच्या थ्रस्टरपेक्षा बरीच जास्त येते. पदवी मिळताच कंपनी नोंदवावी आणि दोन वर्षांत पहिला ग्राहक मिळवावा, असा आमचा बेत आहे. हा बेत योग्य आहे का? पेटंट आधीच घेऊन ठेवावे का? कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर : आपण स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून तेच आधी देतो. पदवी हातात पडताच कंपनी नोंदवू नका. मात्र ही कंपनी ज्या कामावर उभी राहायची आहे, ते काम पदवीची वाट न पाहता याच सत्रात सुरू करा.

कंपनी नोंदवणे हे या सगळ्या खटाटोपातले सर्वांत सोपे काम आहे, आणि म्हणूनच ते आधी उरकून टाकण्याचा मोह होतो. नोंदणी झाली की लेखापरीक्षण, कंपनी निबंधकाकडे भरायची वार्षिक विवरणपत्रे आणि कोणाचे पैसे घेतले असतील तर त्यांना द्यायचा हिशेब हे सारे लगेच मागे लागते, पण थ्रस्टर मात्र त्याच्या स्वतःच्या गतीनेच तयार होतो. ती गती किती असते, हे आपल्या देशातल्या दोन कंपन्यांवरून पाहा. बंगळूरूची बेलाट्रिक्स एरोस्पेस २०१५ मध्ये स्थापन झाली. तिच्या ‘रुद्र’ या हरित, म्हणजे कमी विषारी, इंधनाच्या थ्रस्टरची आणि हॉल थ्रस्टरला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या कॅथोडची अंतराळातील चाचणी १ जानेवारी २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ च्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे ‘पोएम-३’ या प्रयोगमंचावर झाली. मुंबईची मानस्तु स्पेस आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये काढली, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेली तिची यंत्रणा डिसेंबर २०२४ मध्ये ‘पोएम-४’ वर गेली. दोन्हींकडे चांगली माणसे होती, पाठीशी संस्था होत्या, तरी पहिल्या अंतराळ चाचणीपर्यंत सात ते नऊ वर्षे गेली. आपण पहिल्या ग्राहकासाठी दोन वर्षे धरली आहेत.

आता आपल्या आराखड्याकडे वळू. संगणकाने दिलेल्या कार्यक्षमतेच्या आकड्यावर सध्या फार विसंबू नका, आणि त्याचे कारण आपली आकडेमोड चुकली असेल हे नव्हे. हॉल थ्रस्टरमध्ये इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात रोखून धरायचे आणि झेनॉन वायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, विद्युत क्षेत्राच्या जोरावर बाहेर फेकायचे, अशी मूळ कल्पना आहे. रोखलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्र ओलांडून धनाग्राकडे ज्या प्रमाणात झिरपतात, ते प्रमाण पाठ्यपुस्तकातील सूत्रांनी निघणाऱ्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठे असते. सोव्हिएत संघाने असा थ्रस्टर १९७१ च्या अखेरीस मेटेऑर उपग्रहावरून अंतराळात पाठवला, त्यानंतर असे हजारो थ्रस्टर चालले, तरी हे झिरपणे आधीपासून अचूक सांगणारा सर्वमान्य सिद्धान्त अजून हाती आलेला नाही. त्यामुळे बहुतेक संगणकीय प्रारूपांमध्ये त्यासाठी एक गुणांक बाहेरून घालावा लागतो आणि तो प्रत्यक्ष प्रयोगातून जुळवून घेतलेला असतो. आपण हा गुणांक कोणत्या थ्रस्टरच्या मोजमापांवरून घेतला आहे, ते तपासा. तो दुसऱ्या आकाराच्या, दुसऱ्या चुंबकीय रचनेच्या थ्रस्टरचा असेल, तर आपल्या कार्यक्षमतेच्या आकड्याला सध्या अंदाजापेक्षा अधिक किंमत नाही.

येथून मी मूळ मुद्द्यावर येतो. प्रणोदनाच्या धंद्यात ग्राहक थ्रस्टर विकत घेत नाही, तो त्या थ्रस्टरविषयीचा पुरावा विकत घेतो. उपग्रहावरचा कॅमेरा बिघडला तर कॅमेराच जातो, पण प्रणोदनात गळती झाली किंवा टाकी फुटली तर अख्खा उपग्रह जातो आणि त्याच प्रक्षेपकावर शेजारी बसलेल्या इतरांच्या उपग्रहांनाही धोका पोहोचतो. म्हणून खरेदी करणारा अभियंता पहिल्या भेटीत कार्यक्षमता विचारत नाही. थ्रस्टर सलग किती तास चालवला, किती वेळा बंद करून पुन्हा पेटवला, कंपन-चाचणीनंतर गळती मोजली का, निर्वातात रेटा, म्हणजे थ्रस्टरचा ढकलण्याचा जोर, कोणी आणि कशाने मोजला, आणि आधी कोणाच्या उपग्रहावर उडाला, हे तो विचारतो. या प्रश्नांची कागदोपत्री उत्तरे ज्याच्याकडे आहेत, त्याचा थ्रस्टर जरा कमी कार्यक्षम असला तरी काम त्यालाच मिळते.

त्यामुळे आपले पहिले उत्पादन थ्रस्टर नसावे, तर थ्रस्टरचा रेटा प्रामाणिकपणे मोजणारे उपकरण असावे, असे मी सुचवतो. हे ऐकायला किरकोळ वाटेल, म्हणून जरा तपशिलात जातो. लहान हॉल थ्रस्टरचा रेटा साधारण १० मिलिन्यूटन असतो, म्हणजे पृथ्वीवर १ ग्रॅम वजनाचा जेवढा भार पडतो जवळपास तेवढा. खुद्द थ्रस्टर मात्र एक-दोन किलोचा असतो, आणि त्याला झेनॉनची नळी, विद्युतप्रवाहाच्या जाड तारा आणि तापमापकांच्या बारीक तारा जोडलेल्या असतात. हे सारे लोलकासारख्या झुलत्या चौकटीवर बसवून ती चौकट किती सरकते ते मोजायचे असते. थ्रस्टर सुरू झाला की तो तापतो, तारा तापून किंचित वळतात, नळी गॅसच्या दाबाने ताठ होते, आणि या प्रत्येकाचा ढकलण्याचा जोर तुम्ही मोजू पाहत असलेल्या रेट्याच्या बरोबरीचा असू शकतो. अर्ध्या तासाने थ्रस्टर बंद केल्यावर चौकट मूळ शून्यावर परत येत नाही, आणि मग मघाचा आकडा रेट्याचा होता की तारेच्या वळण्याचा, हेच कळेनासे होते. म्हणून चाचणीच्या आधी, मध्ये आणि नंतर, व्हॅक्यूम चेंबर, म्हणजे आतली हवा काढून घेतलेली चाचणीची टाकी, न उघडता, कप्पीवरून सोडलेल्या दोऱ्याला लावलेली ज्ञात वजने एकेक करून चौकटीवर टाकून अंशांकन करावे लागते, म्हणजे मापक बरोबर आकडा दाखवतो ना ते पडताळावे लागते. त्यातच पंप कमी ताकदीचे असतील तर चेंबरमध्ये झेनॉन साचून राहतो, थ्रस्टर तोच पुन्हा आत ओढून वापरतो आणि आकडा अंतराळात येईल त्यापेक्षा चांगला दिसतो. चेंबरमधला दाब न लिहिता रेट्याचा आलेख दाखवणाऱ्यावर या क्षेत्रात कोणी विश्वास ठेवत नाही.

असा रेटामापक तीन विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला आहे. व्हॅक्यूम चेंबर तुमच्याकडे नसेल, पण एखाद्या संशोधन संस्थेतील प्राध्यापकाला चालता रेटामापक दाखवलात, तर चेंबरमध्ये वेळ मागण्याला काही आधार राहील. नुसता आराखडा घेऊन आलेले विद्यार्थी त्यांना दर महिन्याला भेटत असतात.

ग्राहकाच्या बाजूचा हिशेबही एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, १०० किलोच्या उपग्रहाला आयुष्यभरात सेकंदाला २०० मीटर इतका वेगबदल हवा आहे. हायड्राझीन या रूढ पण विषारी इंधनाच्या साध्या थ्रस्टरचा विशिष्ट आवेग, म्हणजे इंधन किती काटकसरीने वापरले जाते ते सांगणारा आकडा, सुमारे २२० सेकंद धरला, तर जवळजवळ ९ किलो इंधन लागेल. हॉल थ्रस्टरचा १४०० सेकंद धरला, तर दीड किलो झेनॉनमध्ये भागेल. येथपर्यंत आपला थ्रस्टर जिंकतो. पण १ न्यूटनचा हायड्राझीन थ्रस्टर हे काम एकूण साडेपाच तासांच्या ज्वलनात संपवतो, तर १० मिलिन्यूटनच्या हॉल थ्रस्टरला २३ दिवस अखंड चालावे लागते. खालच्या कक्षेतला उपग्रह दर फेरीत तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेळ पृथ्वीच्या सावलीत असू शकतो, त्यामुळे विजेरीवर ताण द्यायचा नसेल तर महिन्याहून जास्त काळ लागतो. शिवाय थ्रस्टरला सुमारे २०० वॉट वीज हवी, आणि एवढ्या लहान उपग्रहावर ती कॅमेऱ्याच्या तोंडातून काढून घ्यावी लागते. ज्याला टक्कर टाळण्यासाठी काही तासांत बाजूला व्हायचे आहे, त्याला आपला थ्रस्टर उपयोगाचा नाही; ज्याला कक्षा सावकाश उंचावायची आहे किंवा मुदत संपल्यावर उपग्रह खाली आणायचा आहे, त्याला तो हवा आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये खालच्या कक्षेतील उपग्रह काम संपल्यावर पाच वर्षांच्या आत उतरवण्याचा नियम केला, आणि २०३० पर्यंत आपल्या मोहिमांतून नवा कचरा होऊ द्यायचा नाही असे उद्दिष्ट भारतानेही जाहीर केले आहे. मागणी वाढण्यामागे हेही एक कारण आहे. मात्र सर्वांत मोठा गिऱ्हाईक आपल्या दारात येणार नाही, हे ध्यानात ठेवा. स्पेसएक्स स्टारलिंकसाठी स्वतःचे हॉल थ्रस्टर स्वतःच बनवते, आधी क्रिप्टॉनवर चालणारे आणि २०२३ पासून त्याहून स्वस्त आरगॉनवर चालणारे. हजारो उपग्रह उडवणारा हे काम सहसा बाहेर देत नाही, आणि आपल्यासाठी उरतात ते पाच-दहा उपग्रहांचे मालक.

वडिलांच्या मशीन शॉपचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. माझ्या मते आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. प्रणोदनातले पुष्कळ अपघात थ्रस्टरच्या मूळ कल्पनेत खोट असल्याने होत नाहीत, ते नळ्या, जोड आणि व्हॉल्व्ह यांच्यापाशी होतात. जपानचे आकात्सुकी यान डिसेंबर २०१० मध्ये शुक्राच्या कक्षेत शिरण्यासाठी मुख्य इंजिन चालवत असताना इंधनाच्या टाकीला दाब देणाऱ्या हेलियमच्या मार्गातला एकदिशा व्हॉल्व्ह नीट उघडला नाही, कारण इंधन आणि ऑक्सिडक (इंधन जाळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) यांच्या वाफा झिरपून एकत्र येऊन तेथे क्षार साचला होता. इंधनाचा दाब घसरला, मिश्रणाचे प्रमाण बिघडले, इंजिन प्रमाणाबाहेर तापले, त्याचे नोझल निकामी झाले आणि यान शुक्राला वळसा घालून पुढे निघून गेले. पाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०१५ रोजी, जपानी अभियंत्यांनी केवळ दिशा सावरण्यासाठी असलेले छोटे थ्रस्टर वापरून ते यान शुक्राच्या कक्षेत बसवले. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी तितकी थोडी. पण सुरुवात एका व्हॉल्व्हने झाली होती.

वडिलांच्या कारखान्यात शनिवारी जाऊन एक काम करून पाहा. स्टेनलेस स्टीलच्या ठोकळ्यात दोन भोके काटकोनात एकमेकांना मिळतील अशी पाडा, आणि जिथे ती मिळतात तिथली बर, म्हणजे भोक पाडताना कडेला राहिलेली धातूची कोर, पूर्णपणे निघाली आहे हे सिद्ध करून दाखवा. बाहेरची बर कारागीर बोटाने चाचपून काढतो, आतली दिसत नाही; आणि तीच कक्षेत सुटून व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकते. मग तो ठोकळा असा धुवा, की भोके पाडताना थंडाव्यासाठी वापरलेल्या कुलंटचा तेलकट अंश राहणार नाही, आणि त्यावर हेलियम गळती-चाचणी करवून घ्या. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोसाठी ‘विकास’ ही रॉकेटची इंजिने आणि उपग्रहांचे थ्रस्टर याच प्रकारच्या काटेकोरपणातून वर्षानुवर्षे तयार होत आले आहेत. शिरोलीचा कारखाना असा एक ठोकळा कागदपत्रांसह देऊ शकला, तर थ्रस्टर तयार होण्याच्या कितीतरी आधी आपल्याला या क्षेत्रात विकण्याजोगी वस्तू मिळेल.

मित्रांविषयी एवढेच सांगतो, की भागीदारीचा कागद करण्याआधी एक अवघड काम तिघांनी मिळून पूर्ण करून पाहावे. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातील विद्यार्थी संघाने नायट्रस ऑक्साइडवर चालणारे रॉकेट बांधून ऑक्टोबर २०१५ मध्ये स्पेनमधून २१.५ किलोमीटर उंच उडवले. त्याच संघातून आलेल्या तरुणांनी पुढे डॉन एरोस्पेस काढली आणि उपग्रहांसाठी जो थ्रस्टर बनवला, तोही नायट्रस ऑक्साइडच वापरतो. विद्यार्थिदशेत जो पदार्थ त्यांनी हाताळला, ज्याच्या खोड्या त्यांना माहीत झाल्या, त्यावरच कंपनी उभी राहिली. आपल्याकडेही पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे विद्यार्थ्यांचे उपग्रह २०१६ मध्ये कक्षेत गेले. त्यांत प्रणोदन नव्हते, पण मुदत पाळणे आणि मागच्या तुकडीची कागदपत्रे समजून घेणे त्या कामात शिकायला मिळते.

पेटंटची घाई नको. चाचणी न झालेल्या आराखड्याचे पेटंट घेतले, तर चाचणीनंतर आराखडा बदलतो आणि पैसे खर्चून संरक्षण केलेली गोष्ट आपण स्वतःच सोडून दिलेली असते. तोवर दिनांक व सह्या असलेली प्रयोगवही नीट ठेवा आणि आराखडा कोठे प्रसिद्ध करू नका.

प्रश्न : मी नागपूरला पदविका अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. आम्ही चार मित्र घराच्या गच्चीवर हायड्रोजन पेरॉक्साइड उकळून त्याची तीव्रता वाढवण्याचा आणि त्यावर लहान थ्रस्टर चालवण्याचा प्रयोग करणार आहोत. हे हरित इंधन असल्याने धोका नाही, असे आम्ही वाचले आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : हा प्रयोग करू नका. ‘हरित’ म्हणजे हायड्राझीनच्या तुलनेत कमी विषारी, एवढाच त्याचा अर्थ आहे. थ्रस्टरमध्ये वापरण्याइतके तीव्र पेरॉक्साइड भांड्यातल्या चिमूटभर गंजाने किंवा धुळीनेही वेगाने विघटित होऊ लागते, त्या उष्णतेने विघटन आणखी वाढते आणि बंद भांडे फुटते. कपड्यांवर सांडले तर कपडे पेट घेऊ शकतात. अनुभवी लोकांच्या हातूनही असे अपघात झाले आहेत : २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावे येथे पेरॉक्साइड नव्हे, तर नायट्रस ऑक्साइड या दुसऱ्या पदार्थाच्या नुसत्या प्रवाहाची चाचणी चालू होती, ज्वलन नव्हतेच, तरी स्फोट होऊन तीन जण मृत्युमुखी पडले.

दाबाखालील वायू आणि स्फोटक पदार्थ यांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची पेसो ही संस्था आहे आणि तिचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. कोणत्या सिलिंडरला आणि साठ्याला कोणता परवाना लागतो, हे प्राध्यापकांमार्फत तेथून समजून घ्या. शिकण्यासाठी आपल्याला थ्रस्टर हवाच असेल, तर शीतवायू थ्रस्टरपासून सुरुवात करा. त्यात काही जळत नाही, कोरडा नायट्रोजन लहान नोझलमधून सोडायचा असतो, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, सुरक्षा व्हॉल्व्ह बसवून, प्राध्यापकांसमोर तो करता येतो. विशिष्ट आवेग जेमतेम ७० सेकंदांच्या आसपास मिळेल, पण नोझल, व्हॉल्व्ह, दाबनियंत्रण आणि रेट्याचे मापन हे चारही विषय त्यात येतात. गच्चीवर मात्र तोही नको.

प्रश्न : मी पुण्याहून एरोस्पेसची पदवी घेत आहे. अमेरिकेत एमएस करून तिथल्या प्रणोदन कंपनीत चार-पाच वर्षे काम करावे आणि मग भारतात येऊन स्वतःची कंपनी काढावी, असा विचार आहे. कर्ज काढण्यापूर्वी आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण नियमांविषयी वाचा. यातल्या ‘आयटार’ नावाच्या नियमांखाली रॉकेट आणि अंतराळयानांशी निगडित पुष्कळसे तंत्रज्ञान येते, आणि ते परकीय नागरिकाला नुसते दाखवणे हीसुद्धा निर्यात समजली जाते. त्यामुळे प्रणोदन कंपन्यांच्या जाहिरातीत अर्जदार अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा आश्रय मिळालेली व्यक्ती असावी, अशी अट बहुधा असते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मराठी मुलामुलींना पदवी उत्तम गुणांनी मिळते आणि नोकरीच्या वेळी हे दार बंद असल्याचे समजते. मग ते मोटारी, पवनचक्क्या किंवा सॉफ्टवेअर यांकडे वळतात. ती कामे वाईट नाहीत, पण आपण ज्यासाठी कर्ज काढत आहात ते काम हे नव्हे.

विद्यापीठांतील प्रसिद्ध होणाऱ्या मूलभूत संशोधनाला या नियमांतून बरीच सवलत आहे. म्हणून अमेरिकेतच जायचे असेल, तर शिष्यवृत्तीसह पीएचडीचा विचार एमएसपेक्षा अधिक सयुक्तिक ठरतो. मिशिगन विद्यापीठाच्या विद्युत प्रणोदन प्रयोगशाळेत ६ मीटर व्यासाचे आणि ९ मीटर लांबीचे व्हॅक्यूम चेंबर आहे. अशा ठिकाणी चार-पाच वर्षे थ्रस्टर चालवलेल्या माणसाला कंपनी काढण्यासाठी लागणारे ज्ञान कर्जाशिवाय मिळते. युरोपात डेल्फ्ट, स्टुटगार्ट आणि माद्रिदचे कार्लोस तिसरे विद्यापीठ येथे या विषयाचे काम चालते. देशात राहायचे असेल, तर तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था (आयआयएसटी), मुंबई आणि मद्रासच्या आयआयटी, बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था हे पर्याय आहेत, आणि इस्रोचे वलियमला येथील द्रव प्रणोदन केंद्र हे तर या विषयाचे आपल्याकडचे माहेरघर आहे. परत येऊन कंपनी काढल्यावर आपला थ्रस्टर परदेशी ग्राहकाला विकताना भारताच्या ‘स्कोमेट’ या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या यादीप्रमाणे परवाना लागू शकतो, हेही आताच माहीत असलेले बरे.

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयातूनच तिला ठाण्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी मिळाली आहे. परंतु तिला एका लहानशा प्रणोदन कंपनीत निम्म्या पगारावर जायचे आहे आणि पुढे स्वतःची कंपनी काढायची आहे. आम्ही मध्यमवर्गीय माणसे आहोत, फार मोठी जोखीम परवडणार नाही. शिवाय इंजिनाच्या कामात इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला काय वाव असणार, हेही आम्हाला कळत नाही.

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आपल्याला थोडा दिलासा देईल. विद्युत थ्रस्टरला उपग्रहाची वीज जशीच्या तशी चालत नाही. लहान उपग्रहाची विद्युतवाहिनी बहुधा २८ व्होल्टची असते, तर हॉल थ्रस्टरला सुमारे ३०० व्होल्ट लागतात. शिवाय चुंबकाच्या वेटोळ्यांना, कॅथोडला आणि व्हॉल्व्हना वेगवेगळा पुरवठा हवा असतो, आणि हे सारे निर्वातात, जिथे हवेने थंड करण्याची सोय नाही तिथे, वर्षानुवर्षे चालले पाहिजे. हे काम करणारा विद्युत-प्रक्रिया संच पुष्कळदा थ्रस्टरपेक्षा महाग आणि बनवायला अधिक किचकट असतो. यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी थ्रस्टरच्या मागे धावतात आणि हा संच बनवणारी माणसे शोधावी लागतात. आपल्या कन्येला वाव आहे, कदाचित या स्तंभातील पहिल्या पत्रलेखकापेक्षा जास्त आहे.

आधी दुसऱ्याच्या कंपनीत शिकून मग स्वतःची काढणे हा मार्ग मला अधिक पटतो. स्पेसएक्सची मर्लिन इंजिने ज्यांच्या हाताखाली तयार झाली, त्या टॉम म्यूलर यांनी आधी टीआरडब्ल्यू या जुन्या कंपनीत सुमारे पंधरा वर्षे इंजिनांवर काम केले, २००२ मध्ये ते स्पेसएक्समध्ये गेले आणि स्वतःची इम्पल्स स्पेस ही कंपनी त्यांनी २०२१ मध्ये काढली. इतका काळ थांबावे असे मी म्हणत नाही, परंतु चार-पाच वर्षे दुसऱ्याच्या पैशाने थ्रस्टर जळताना पाहणे ही फार मोठी सवलत आहे. भांडवलाची आजची स्थिती पूर्वीइतकी बिकट नाही : केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अंतराळ क्षेत्रातील नवउद्योगांसाठी १००० कोटी रुपयांच्या निधीला मान्यता दिली आहे, आणि त्याच वर्षी उपग्रहांचे सुटे भाग व यंत्रणा बनवणाऱ्या उद्योगांत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीची मुभा मिळाली. पण हा पैसा ज्याच्याकडे दाखवण्याजोगे काम आहे त्याच्याकडे जातो, म्हणून काही वर्षे काम जमवण्यात गेली तर ती वाया जात नाहीत.

जोखमीविषयी आपली काळजी रास्त आहे. मुलीने होकार कळवण्याआधी त्या लहान कंपनीला काही गोष्टी विचाराव्यात आणि त्यात संकोच करू नये. हातात असलेल्या पैशांतून किती महिन्यांचे पगार निघतील, हे प्रामाणिक संस्थापक सांगतो; सांगायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. कंपनीचा थ्रस्टर स्वतःच्या चेंबरमध्ये चालतो का आणि आजवर किती तास चालला, हे पाहण्यासाठी एकदा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जाऊन यावे. नियुक्तिपत्रात ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड आहे का, असल्यास मध्येच सोडल्यावर किती रक्कम भरावी लागेल, ते वाचावे. नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम न करण्याची अट अनेक जण घालतात; भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे अशी अट नोकरी संपल्यानंतर सहसा टिकत नाही. गोपनीयतेचे कलम मात्र टिकते, आणि नोकरीच्या काळात तिने तयार केलेले आराखडे बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचे राहतात. पुढे स्वतःची कंपनी काढायची आहे, हे तिने मुलाखतीत लपवू नये. या क्षेत्रातले बहुतेक संस्थापक त्याला हरकत घेत नाहीत. ज्याने घेतली त्याच्याकडे न गेलेलेच बरे.